ऑगस्ट म्हटलं होतं ना त्यांनी?

*ताई, मी 24 वर्षांची, नागपूरची. आमच्या चर्चच्या तरुण संघातले आठ जण मिशन ट्रिपवर पश्चिम केनियातल्या एका खेड्यात आलोय. सहा महिने व्हीबीएसची (सुट्टीत मुलांसाठी भरवायच्या बायबल शाळेची) तयारी केली: बाहुल्या, इंग्रजी गाणी, शंभर मुलांचं क्राफ्ट. इथं आलो तर शाळा सुरू, रस्ते चिखलात, आणि इथल्या चर्चच्या पाळकांनी हातात कुदळी देऊन आम्हाला मक्याच्या शेतात पाठवलं. (त्यांनी फेब्रुवारीत 'ऑगस्टमध्ये या' असं कळवलं होतं, पण आमच्या सुट्ट्या मेमध्येच असतात.) लीडर म्हणतात, पौलाचाही बेत देवानं बदलला होता. मला नुसतं रडू येतं. अजून नऊ दिवस आहेत. मुलांना कसंही करून गोळा करा, असं पाळकांना सांगू का?*

नाही. अजिबात सांगू नकोस.

तुझ्या पत्रातली ती कंसातली ओळ मी तीनतीनदा वाचली. ज्याला तू अचानक झालेला बदल म्हणतेस, तो त्या माणसानं तीन महिने आधी कळवला होता. मार्च ते मे हा तिकडचा मोठा पाऊस. मेमध्ये शाळेचं दुसरं सत्र चालू असतं, ऑगस्टमध्ये मुलं घरी असतात. आणि मार्चमध्ये पेरलेला मका हाती यायला जुलै-ऑगस्ट उजाडतो, तोवर घरातला साठा संपत आलेला असतो. मृगाच्या पेरणीत काटोलच्या एखाद्या शेतकऱ्याकडे आठ पाहुणे उतरावेत आणि 'आमचा कार्यक्रम कधी?' म्हणून विचारत बसावेत, तसं तुम्ही केलंय.

आणि पौलाला यात ओढू नका. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 16 पुन्हा काढ. मासेदोनियाचा माणूस दृष्टान्तात दिसला आणि मदतीला ये म्हणाला, म्हणून पौल निघाला. तुम्हालाही तिकडून बोलावणं आलं होतं. त्यात ऑगस्ट लिहिलेलं होतं.

आज संध्याकाळी लीडरना घेऊन पाळकांकडे जा. त्यांच्या पत्नीही समोर असू देत, कारण आठ जणांचा स्वयंपाक त्यांच्याच अंगावर पडलाय. म्हणा, 'तुम्ही ऑगस्ट म्हणाला होता, आम्ही ऐकलं नाही, माफ करा. उरलेले नऊ दिवस कसे काढायचे ते तुम्ही ठरवा.' पावसाचं, तिकिटांचं, सुट्ट्यांचं कारण पुढे करायचं नाही. ते हसून 'काही नाही हो' म्हणतील. तेवढ्यावर सुटलो असं समजून उठू नका, ते काय ठरवतात ते ऐकून घ्या.

उद्या सकाळी दुकानातून पीठ आणा. तिकडे मक्याचं पीठ दोन किलोच्या पुड्यात मिळतं आणि आठ जणांच्या उगालीला (मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीला) एका वेळी जवळपास एक पुडा जातो. दोन वेळचे नऊ दिवस धरले तर अठरा पुडे. पैसे हातात देऊ नका, घेणाऱ्याला अवघड होतं. पीठ, तेल, कोळसा आणून थेट स्वयंपाकघरात ठेवा.

निंदण मन लावून कर. त्या भागात मक्यावर स्ट्रायगा पडतो, आपल्या ज्वारीतल्या टारफुल्याचाच भाऊबंद. तो मक्याच्या मुळातून रस ओढतो. बुडाशी अरुंद पानांची फिकट हिरवी रोपं दिसली तर आधी घरच्यांना दाखव आणि ते सांगतील तशी हातानं उपट. जांभळी फुलं येऊन बी धरायच्या आत ती निघाली पाहिजेत, कारण एका रोपाचं हजारो बी पडतं आणि वर्षानुवर्षं जमिनीत टिकतं. या कामाला माणसं लागतात गं! पाळकांनी तुम्हाला उगाच शेतात धाडलेलं नाही.

मलेरियासाठी डॉक्सीसायक्लिन घेत असशील तर उन्हात कातडी लवकर भाजते. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टोपी घाल. गोळी जेवणानंतर, भरपूर पाण्यासोबत, आणि नागपूरला परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची.

बाहुल्या आणि क्राफ्टचं सामान परत आणू नकोस. तिथल्या संडे स्कूलच्या शिक्षिकेला रोज तासभर वेळ आहे का विचार. बाहुली कशी हलवायची, कागद कसा दुमडायचा, एवढंच दाखव. गोष्ट तिला तिच्या भाषेत सांगू दे, लहान मुलांना तुमची इंग्रजी गाणी कळणारही नाहीत. ऑगस्टमध्ये मुलं घरी आली की व्हीबीएस ती घेईल. तुमच्यातल्या कुणाला तेव्हा रजा मिळाली तर दोघं-तिघंच जा, पण तिनं बोलावलं तरच.