काचेची तार, तरी मोडेम का जळतो?

प्रश्न : फायबरमधून वीज वाहत नाही म्हणतात. तरी अवकाळीच्या गडगडाटात मोडेम गेला. पॉनचा (फायबरचा सिग्नल दाखवणारा) दिवा स्थिर आहे, पण कॉम्प्युटरला नेट मिळत नाही. – सेवा केंद्रचालक, औसा

उत्तर : म्हणजे फायबर शाबूत आहे, बहुधा लॅन पोर्ट, म्हणजे कॉम्प्युटरची केबल लागते ती खाच, जळालाय. जवळपास वीज पडली की झटका महावितरणच्या तारेतून ॲडॉप्टरमार्गे मोडेममध्ये शिरतो. ॲडॉप्टर दोन पिनांचा, त्याला अर्थिंगची पिन नाही. कॉम्प्युटर तीन पिनांचा, अर्थला जोडलेला. मग जमिनीकडे जायला झटक्याला लॅन केबलचीच वाट सापडते. खांबावरून येणाऱ्या ड्रॉप केबलमधली पोलादी तारही झटका घरात आणू शकते. ती भिंतीबाहेरच्या हुकाला ताणून तिथेच तोडायला लावा, आत फक्त फायबर येऊ द्या.

बोर्डावर टाइप २ चा सर्ज प्रोटेक्टर (झटका अर्थकडे वळवणारे उपकरण) बसवा. गावाकडे व्होल्टेज फार वरखाली होते, म्हणून कायम सोसायचे कमाल व्होल्टेज २७५ ऐवजी ३२० असलेला घ्या. त्याच्या जोडणीच्या तारा एकूण अर्ध्या मीटरच्या आत हव्यात आणि अर्थची तार ६ चौरस मिमी तांब्याची. वायरमन इथेच ढिलाई करतात. एक मीटर तारेचे इंडक्टन्स (प्रवाहाच्या अचानक बदलाला होणारा विरोध) साधारण १ मायक्रोहेन्री असते. मायक्रोसेकंदाला १००० अँपिअरने चढणारा झटका त्या मीटरभर तारेवरच १००० व्होल्ट उभे करतो. मग प्रोटेक्टर कितीही महाग असो, ते व्होल्टेज मोडेमवरच येते.

मोडेमसाठी अंगणात अर्थिंगचा वेगळा खड्डा खणू नका. झटक्याच्या क्षणी दोन खड्ड्यांत हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो, आणि तो मोडेममधूनच मिटतो. दोन खड्डे आधीच असतील तर जाड तारेने जोडून एकाच अर्थ पट्टीवर आणा. आपल्या काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात, माती अर्थिंगच्या पाइपला सोडते. अवकाळीच्या तोंडावरच अर्थिंग कमजोर होते. भेगा बुजवून पाणी घाला. नवा खड्डा असेल तर पाइपभोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी चिकणमाती) भरा. मिठाचा मारा नको, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप गंजतो. न्यूट्रललाच अर्थ म्हणून जोडणे तर जिवाशी खेळ आहे : डीपीकडून न्यूट्रल तुटला की कॉम्प्युटरच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतात.

थेट घरावरच वीज पडली तर यातले काहीही पुरत नाही. गडगडाट सुरू होण्याआधीच प्लग आणि लॅन केबल दोन्ही काढा. नुसते बटण बंद करून भागत नाही, त्यातली काही मिलिमीटरची फट झटका सहज ओलांडतो.

प्रश्न : जिनिंगमधल्या जुन्या तांब्याच्या फोन लाईनला गॅस ट्यूब (जास्त व्होल्टेज आले की पेटून झटका अर्थकडे वळवणारी नळी) लावली. आता रिंग येताच लाईन तुटते. – जालना

उत्तर : ट्यूब ९० व्होल्टची असणार. लाईनवर ४८ व्होल्ट डीसी असतो आणि रिंग साधारण ७५ व्होल्ट एसी. तिचे शिखर १०६ व्होल्ट, दोन्ही मिळून १५४. ट्यूब रिंगलाच वीज समजून पेटते. २३० व्होल्टची, तीन पायांची घ्या. मधला पाय अर्थला जोडलेला आहे ना, ते बघा. तो मोकळा राहिला तर दोन्ही तारांवर एकदम आलेला झटका जमिनीत जातच नाही.

प्रश्न : मोडेमचा बदली ॲडॉप्टर घेताना काय बघावे? – उदगीर

उत्तर : बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण, तिच्यासोबत आयएस १३२५२ किंवा आयएस/आयईसी ६२३६८ हा मानक क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. हा क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाका. छापील खूण कुणीही मारतो. ॲपमध्ये उत्पादकाचे नाव वेगळे निघाले तर माल परत करा. व्होल्ट जुन्याइतकेच हवेत, अँपिअर जास्त चालतील, कमी नाही.