५ ते १० वर्षांच्या मुलांसाठी घरी क्राफ्टचा वर्ग सुरू करतेय. मुलांना खरंच मजा येईल असं काय काय घेता येईल?

तुम्ही लिहिलंय की हॉल १२ बाय १५ चा आहे, जूनपासून १० मुलं येणार आहेत आणि यूट्यूबवर बघून ३० वस्तूंची यादी तयार आहे. यादी फेकून द्या असं मी म्हणणार नाही. फक्त त्यातल्या किती वस्तू दहाही जणांच्या हातून हुबेहूब सारख्या होणार आहेत ते मोजा आणि तेवढ्यांवर पेन्सिलीने काट मारा. असं का, ते सांगते.

मी पुण्यात कर्वेनगरला घरीच वर्ग घेते. अकरा वर्षं झाली. सुरुवातीला मुलं ताई म्हणायची, आता काकू म्हणतात, त्यावरून हिशेब करा. पहिल्या वर्षी माझा वर्ग फार नीटनेटका होता. आदल्या रात्री जागून मी कागदी बशांची बदकं कापून ठेवायचे. चोच वेगळी, पाय वेगळे, डोळे नुसते चिकटवायचे. मुलांनी यायचं आणि मी खूण केलेल्या जागी चिकटवायचं. ४० मिनिटांत १८ बदकं तयार! एक आजी नातीला न्यायला आल्या, म्हणाल्या, "यातलं आमचं कुठलं?" मी बघत राहिले. नातही बघत राहिली. शेवटी एकेक बदक उलटं करून मागे लिहिलेलं नाव शोधावं लागलं. त्या दिवशी मुलांच्या घरी गेलेली सगळी बदकं माझीच होती, मुलांनी फक्त फेविकॉल लावला होता.

तेव्हापासून उपक्रम निवडताना मी एवढंच बघते की यात मुलाला स्वतःला काही ठरवावं लागतंय का आणि सामान त्याला थोडं सतावतंय का. माती तडकते, लगदा गळतो, कामटी वळत नाही. असं झालं की मुलं कंटाळत नाहीत. कंटाळतात ती सगळं सोपं करून दिलं की.

सर्वात आधी ठसे, कारण पाच वर्षांच्या मुलांना पहिल्याच दिवशी जमतात. भेंडी आडवी कापली की फूल येतं, कांद्याची वर्तुळं येतात, कोबीच्या चतकोर फोडीचं तर झाडच येतं. दोन गोष्टी सांभाळा. कापलेला बटाटा आणि कांदा आधी फडक्यावर टिपून घ्यायचा, नाहीतर त्याच्या पाण्याने रंग फिका होऊन ठसा फिसकटतो. आणि रंग वाटीत द्यायचा नाही. सुती फडक्याची चौपदरी घडी ओली करून ताटलीत ठेवायची आणि तिच्यावर पोस्टर कलर पसरायचा. झाला स्टॅम्प पॅड. कागद लहान देऊ नका. जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं द्या. अर्धा तास भेंडी भेंडी करून झालं की कोणीतरी हाताचा ठसा मारतंच, मग कोपराचा. मारू द्या.

लगदा हा माझा सगळ्यात आवडता प्रकार आणि सगळ्यात मोठी फजितीही त्यातलीच. वर्तमानपत्राचे पोस्टाच्या तिकिटाएवढे तुकडे मुलांनीच फाडायचे. नुसतं फाडायला मिळतंय यातच त्यांना स्वर्ग असतो. तुकडे दोन रात्री पाण्यात ठेवायचे, मग जुन्या मिक्सरमधून भरपूर पाणी घालून थोडे थोडे फिरवायचे आणि पंच्यात घट्ट पिळायचे. त्यात मैद्याची खळ आणि भिजवून वाटलेल्या मेथ्या घालायच्या. पूर्वी बायका रद्दीच्या टोपल्या करायच्या, त्यात मेथी असायचीच. तिने चिकटपणा येतो आणि कीड लागत नाही. उपडी वाटी, तिच्यावर ताणून बसवलेली प्लास्टिकची पिशवी आणि वरून बोटभर जाडीचा थर. वाळला की वाटीतून सुटतो. बाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात हे कुणी तुम्हाला सांगेल. ते विष आहे. मुलांच्या हातात जाणाऱ्या खळीत घालायचं नाही.

फजिती अशी की मी हे जुलैत घेतलं. पुण्याच्या पावसात १४ वाट्या आठ दिवस ओल्याच्या ओल्या राहिल्या, मग त्यांच्यावर हिरवी-काळी लव आली आणि मेथीच्या वासाने जिन्यातले लोक आमच्या दाराकडे बघायला लागले. एकाने मात्र आपली बुरशीची वाटी द्यायला साफ नकार दिला, म्हणे ती आता बाग झालीय. तर लगदा दिवाळीनंतर ते मे. जूनपासून सुरू करताय, म्हणजे तुमच्या पहिल्या चार महिन्यांत तो नकोच.

पावसाळ्यात त्याऐवजी शाडू घ्या, गणपतीही तोंडावर असतात. कोरडी भुकटी पोत्याने मिळते. ती आदल्या दिवशी भिजवून, मळून, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. मुलांची सगळी भांडणं सोंडेवरून होतात. नुसती चिकटवलेली सोंड वाळताना पडणारच. दोन्ही बाजूंना काडीने रेघोट्या मारायच्या, मातीचा पातळ घोळ लावायचा, मग दाबायची. हे मी दोनदा सांगते, तिसऱ्यांदा सांगत नाही, पडू देते. सहा वर्षांच्या एका मुलाची सोंड तीनदा पडली. चौथ्यांदा त्याने गणपतीच आडवा केला, पोटावर झोपवला आणि सोंड पाटावर टेकवून दिली. "बाप्पा दमलेत, मिरवणुकीनंतरचे आहेत." त्याच्या घरी तोच बसवला. वाळवताना सावलीत ठेवा, उन्हात ठेवलात तर तडे जातात. पाच वर्षांच्या मुलांना अख्खा गणपती झेपत नाही. त्यांना उंदीर आणि मोदक द्या. मोदक तर इतके होतात की मोजायचे नाहीत.

नऊ-दहा वर्षांची जी तीन-चार असतील त्यांच्यासाठी वीस गोलांचा आकाशकंदील ठेवा. कार्डशीटचे सारख्या मापाचे २० गोल कापायचे, प्रत्येकात तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण आखायचा आणि त्रिकोणाबाहेरच्या तीन कडा दुमडून उभ्या करायच्या. मग कडेला कड चिकटवत जायचं. वरच्या टोपीत ५, खालच्या टोपीत ५, मधल्या पट्ट्यात १०. मागच्या दिवाळीत एक मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "काकू, सगळ्यांचं उठलं, माझं उठतच नाही." बाकीच्यांच्या टोप्या वाटीसारख्या वर आल्या होत्या, हिची पाटावर पोळीसारखी सपाट. मी काहीच बोलले नाही, शेजारच्या मुलाची टोपी तिच्यासमोर ठेवली. तिने दोन्ही मोजल्या. हिने एका टोकाभोवती सहा गोल लावले होते. सहा त्रिकोण सपाट बसतात आणि एक काढून तोंड मिटवलं की कागद आपोआप उचलला जातो. तिने सहावा टरकन ओढून काढला, उरलेल्या कडा एकमेकींना लावल्या आणि ती वाटी हातात उपडीसुलटी करत बसली. नंतर तिने प्रत्येकाला गाठून विचारलं, "चार लावले तर काय होईल?" (जास्त टोकदार होतं. करून बघितलं.) खालचा एक गोल न लावता जागा सोडा, तिथून छोटा एलईडी दिवा आत जातो.

कामट्यांचा पारंपरिक षटकोनी कंदीलही घेता येतो. आमच्याकडे बुरूड आळीतून सोललेल्या कामट्या आणते. पण सुतळीची गाठ बांधणं आजच्या दहा वर्षांच्या मुलांना अवघड जातं. बुटांना वेल्क्रो आल्याचा परिणाम असावा. त्यामुळे आधी एक अख्खा दिवस गाठींचाच ठेवते.

असंच त्रिकोणाचं गुपित सायकलच्या व्हॉल्व ट्यूबमधून कळतं. ट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, त्यांत गूल खरवडलेल्या काडेपेटीच्या काड्या. चौकोन केला की लगेच लुळा पडून तिरपा होतो, त्रिकोण मात्र ताठ राहतो. ही युक्ती अरविंद गुप्तांची. ते पुण्यातच आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात अनेक वर्षं टाकाऊतून खेळणी करून दाखवत होते, २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी इंटरनेटवर फुकट आहेत, मराठीतूनही. तुमच्या यादीतल्या यूट्यूबच्या निम्म्या गोष्टींऐवजी तिथलं काहीही चालेल.

वारली घेणार असाल, आणि घेणारच, सगळे घेतात, तर तारपा नाच उतरवून काढायला लावू नका. पूर्वी लग्नाच्या वेळी सवाष्णी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नविधीचं चौकोनी चित्र, लिहायच्या. डहाणूकडच्या जिव्या सोमा म्हसेंनी तीच चित्रभाषा विधीबाहेर आणली आणि रोजचं जगणं कागदावर काढलं, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. मी मुलांना एवढंच सांगते आणि म्हणते, तुमचा रोज काढा. गेरू लावलेला पुठ्ठा, पांढरा रंग, टोक चेचलेली बांबूची काडी. मग दोन त्रिकोणांची माणसं लिफ्टमध्ये उभी राहतात, स्कूल व्हॅनमध्ये कोंबली जातात. एकीने आईला लॅपटॉपसमोर काढलं आणि आईला डोकंच काढलं नाही. विचारलं तर म्हणाली, "मीटिंग चालू आहे."

दिवाळीचा किल्ला फ्लॅटमध्ये होत नाही असं वाटेल, पण जुन्या परातीत होतो. विटांचे तुकडे, वर पोतं, वर चिखल. अळीव चार-पाच दिवस आधी पेरा. मुलांना आधी खऱ्या गडाचा नकाशा दाखवा. राजगडाच्या तीन माच्या आणि मधला बालेकिल्ला एवढं दाखवलं तरी "वर मावळा ठेवला की झाला किल्ला" हे थांबतं. संजीवनी माचीची लांब शेपटी परातीबाहेर गेली म्हणून आमच्याकडे एकदा पोळीचा डबा जोडून घ्यावा लागला.

आता थोडं मुलांविषयी. पाच वर्षांचं मूल डोक्यालाच हातपाय काढतं, सातव्या-आठव्या वर्षी खाली जमिनीची रेघ येते, घराची भिंत काढूनही आतला फ्रिज दिसतो. हे टप्पे कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ सालीच लिहून ठेवलेत आणि ते बरेच जुळतात. तुमच्या कामाचा भाग असा की नऊ-दहाच्या आसपास मूल स्वतःच्या चित्राकडे बघून "मला जमत नाही" म्हणायला लागतं. तेव्हा त्याच्या हातातून पेन्सिल घेऊन तुम्ही काढून दाखवलंत तर ते मूल पुढच्या वेळेपासून कागद तुमच्याकडेच सरकवतं. माझा हात अजूनही शिवशिवतो, म्हणून मी वर्गात हातात फडकं धरून फिरते.

सात मिनिटांत "झालं माझं" म्हणणारा एक असतोच. त्याच्यासाठी खोक्यात बटणं, तुटके चेन, झाकणं, वायरी ठेवा आणि काय करायचं ते सांगू नका. डावखुरं मूल असेल तर डाव्या हाताची कात्री मागवा, साध्या कात्रीने त्याला कापायची रेघच दिसत नाही आणि आपण त्याला धांदरट समजतो. दहा मुलांना तुम्ही एकट्या पुरे, बारावं मूल घेतलंत तर मदतीला कोणी घ्या. वेळ दीड तास, त्यातली शेवटची २० मिनिटं आवरायची. आवरणं मुलांनीच.

पालकांचं म्हणाल तर रोज हातात काहीतरी हवं हा आग्रह पहिले दोन महिने राहतो. मी पहिल्याच दिवशी सांगते की एक वस्तू दोन-तीन आठवडे चालेल, अर्धवट वस्तू माझ्या फळीवर राहील, आणि रोजचे फोटो मी ग्रुपवर टाकणार नाही. फोटो टाकले की रात्री तुलना सुरू होते. यामुळे माझी तीन मुलं सोडून गेली, हे लपवत नाही. एलिमेंटरीला बसवाल का, असंही विचारतील. ती चित्रकलेची सरकारी परीक्षा सातवी-आठवीच्या सुमाराची, त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन असं सगळं असतं. सहा वर्षांच्या मुलाच्या आईने तिची काळजी आत्ता करायची गरज नाही.

जमिनीवर जुना फ्लेक्स अंथरा. निवडणूक झाली की फुकट मिळतात, धुतला की स्वच्छ. पण उलट्या बाजूने अंथरा, नाहीतर मुलं तासभर भावी नगरसेवकांना मिश्या काढत बसतात.

आणि शाडूचे हात बेसिनमध्ये धुऊ देऊ नका. माझ्याकडे प्लंबर दोनदा येऊन गेला, दुसऱ्यांदा त्याने खालचा पाइप काढून मला दाखवला, आत शाडूचा अख्खा उंदीर अडकून बसला होता. एक बादली ठेवा, सगळे हात त्यात. रात्रीत माती तळाशी बसते, वरचं पाणी ओता आणि तीच माती पुढच्या आठवड्यात परत मळा.