वॉर्निंग कॅचमध्ये का येत नाही?

प्रश्न : देवगडातल्या आमच्या आंबा पॅकिंगचा हिशेब पीएचपी ८ या प्रोग्रामिंग भाषेत आहे. दराची फाइल 'फाइल गेट कंटेंट्स'ने वाचतो, तेही ट्राय-कॅचमध्ये (ट्रायमधल्या कामात चूक उसळली की कॅचमधला कोड चालतो). फाइल सापडली नाही की वॉर्निंग येते, पण कॅच चालत नाही आणि पेट्यांचं बिल शून्य रुपयांचं निघतं. असं का?

उत्तर : फाइल सापडली नाही तर हे फंक्शन एक्सेप्शन, म्हणजे कॅचला पकडता येणारी चूक, फेकत नाही. ते नुसती वॉर्निंग देऊन 'फॉल्स' (असत्य) परत करतं. फॉल्स गुणिले पेट्या म्हणजे शून्य, म्हणून बिल बिनबोभाट तयार होतं. पैशांच्या कामात हे फार घातक.

सगळ्यांत आधी लोड होणाऱ्या फाइलमध्ये 'सेट एरर हँडलर'ने हँडलर, म्हणजे वॉर्निंग आली की चालणारं आपलं फंक्शन, लावा आणि त्यातून 'एरर-एक्सेप्शन' फेका. हँडलरला क्रमाने पातळी (चुकीचा प्रकार, जसं वॉर्निंग), संदेश, फाइल, ओळ मिळतात. एरर-एक्सेप्शनला मात्र संदेश, कोड (शून्य द्या), पातळी, फाइल, ओळ असा क्रम लागतो. इथेच बहुतेकांची गल्लत होते. फेकण्याआधी 'एरर रिपोर्टिंग'मध्ये (कोणत्या चुका कळवायच्या ते ठरवणारी सेटिंग) ती पातळी चालू आहे का ते तपासा, नसेल तर फॉल्स परत करा. नाहीतर ॲट चिन्हाने मुद्दाम दाबलेल्या वॉर्निंगही उसळतील.

तरीही कॅच चालला नाही तर नेमस्पेस (क्लासच्या नावांचा वेगळा गट) बघा. नेमस्पेसच्या आत नुसतं 'एक्सेप्शन' लिहिलं तर पीएचपी त्याच नेमस्पेसमधला क्लास समजतो आणि तक्रारही करत नाही. नावाआधी उलटी तिरकी रेघ द्या.

कॅच रिकामा ठेवू नका. 'दर मिळाला नाही' असा स्वतःचा एक्सेप्शन फेका, तिसऱ्या जागी मूळ एक्सेप्शन द्या, म्हणजे लॉगमध्ये (चुकांच्या नोंदींत) खरं कारण राहतं. आणि बिल तिथेच थांबवा.