स्प्रे पेंट मारला की थर्मोकोल विरघळतो, मग टेबलावरच्या खेळातल्या छोट्या सोल्जरांसाठी घरच्या सामानात राक्षसाचा पडका बुरूज कसा करायचा?

स्प्रेमधलं सॉल्व्हंट थर्मोकोल खातं, म्हणून कोरून झालं की रंगाआधी त्याला कवच द्या. फेविकॉल, थोडं पाणी आणि काळा पोस्टर कलर एकत्र करून दोन हात मारा, पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा. मी तर स्प्रे वापरतच नाही, हाच काळा थर पुढे दगडांच्या फटीतली सावली होतो.

टीव्हीच्या खोक्यातला थर्मोकोल दाणेदार असतो, कोरताना दाणे निघतात. त्यावर टिश्यू पेपर फेविकॉलने चिकटवा. छताच्या इन्सुलेशनच्या दाट फोमचा तुकडा मिळाला तर सोनंच. बोथट बॉलपेनने दगडांच्या रेघा दाबायच्या, मग ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा त्यावर दाबत फिरवायचा. गुळगुळीत फोमचा डोळ्यांदेखत खडबडीत दगड होतो, मला अजूनही त्याचं अप्रूप वाटतं. सोल्जर २८ मिमीचे असतील तर दार साधारण ४० मिमी उंच ठेवा.

रंगासाठी राखाडी घ्या, ब्रश कागदावर जवळजवळ कोरडा पुसा आणि फक्त कडांवरून हलकेच फिरवा. माती म्हणून चहाचा चोथा, पण उन्हात कडकडीत वाळवलेला, नाहीतर बुरशी येते.

आपण कोल्हापूरकर दिवाळीत किल्ले करतच मोठे झालो, हात तयार आहे. नमुना हवा तर पन्हाळगडावरची अंधारबावडी, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, बघून या. त्या काळ्या दगडी पायऱ्यांवर राक्षस आपोआप दिसायला लागतो.