जमीन काढण्याआधी मुलीशी बोललात का?

'अंबडला कारखान्यात नोकरी करतो, वय ५२, सिडकोत राहतो. मुलीने बारावी सायन्सनंतर सीईटी दिली आहे, निकाल यायचाय. पुण्यातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटरची मॅनेजमेंट कोट्यातली जागा धरून ठेवायला एजंट आत्ताच ५० हजार मागतो आहे. निफाड तालुक्यात आमची वडिलोपार्जित १८ गुंठे जमीन आहे. ती विकून चार वर्षांचा खर्च करायचं ठरवलंय. कमी पडलं तर पीएफ काढेन. मुलगी असूनही तिच्यासाठी जमीन काढतोय, हे तिला रोज सांगतो, म्हणजे ती अभ्यास करेल. हल्ली ती घरात फारशी बोलत नाही. शैक्षणिक कर्ज तिच्या नावावर नको वाटतं, उद्या स्थळं बघायची आहेत. धाकटा मुलगा नववीत आहे. आम्ही ओबीसी, उत्पन्न साडेपाच लाखांच्या आसपास. पैसे कसे उभे करू?'
– एक वडील, नाशिक

नमस्कार भाऊ,

तुमचा प्रश्न पैशांचा आहे आणि त्याचं उत्तर मी देणारच आहे. पण पत्र वाचताना मी अडकले ती 'मुलगी असूनही' या दोन शब्दांपाशी. शिवाय हे तुम्ही तिला रोज ऐकवता. तुमचा हेतू चांगला आहे, यात मला शंका नाही. पण १७-१८ वर्षांच्या मुलीला त्यातून काय ऐकू येत असेल? माझ्यामुळे घर कंगाल होतंय, मी मुलगा असते तर हे बोलावं लागलं नसतं. ती गप्प का झाली, याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. माझ्यासमोर अशी मुलं येऊन बसतात. एखाद्या विषयात नापास झाली तरी घरी सांगत नाहीत, कारण बापाने काय विकलंय ते त्यांना पाठ असतं. या धाकाने अभ्यास होत नाही. खोटं बोलायची सवय मात्र लागते.

आणखी एक. जमीन खरोखर वडिलोपार्जित असेल, तर २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार तिचा त्यात मुलाइतकाच हक्क आहे. तिच्याही हक्काची जमीन विकायची आणि वर तिच्यावर उपकार केल्यासारखं बोलायचं, हे बरोबर नाही. आजपासून ते वाक्य बंद करा.

आता एजंटचं. त्याला एक रुपयाही देऊ नका. प्रवेशासाठी पावतीविना पैसे घेणं १९८७ च्या कॅपिटेशन फी विरोधी कायद्याने गुन्हा आहे. पण तुमचं खरं नुकसान वेगळंच आहे. 'आधी जागा पक्की करू, सवलतीचं मागून बघू,' असा समज मला दर मे-जूनमध्ये घरोघरी दिसतो आणि तो फार महागात पडतो. २०२४-२५ पासून राज्य सरकारने ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ केलं आहे. अट कुटुंबाच्या उत्पन्नाची, ८ लाखांच्या आत. तुम्ही त्यात बसता. खासगी विनाअनुदानित कॉलेजांनाही ही माफी लागू आहे. मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात की माफी गेली. खासगी विद्यापीठात घेतलात तरी गेली. म्हणजे ज्या जागेसाठी तुम्ही जमीन विकायला निघालात, ती जागाच तुमची माफी घालवणार आहे. तुमच्या एजंटने हे तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही.

सीईटीचा निकाल, कॅपच्या फेऱ्या, पसंतीक्रम हे सगळं तुम्हाला ठाऊक असेल, त्यात वेळ घालवत नाही. कागदपत्रांकडे मात्र आजच बघा: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास आणि सगळ्यात महत्त्वाचं जात वैधता प्रमाणपत्र. ते नसेल तर अर्ज तरी तातडीने करा. प्रवेशानंतर महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर माफीचा अर्ज भरायचा आणि दरवर्षी त्याचं नूतनीकरण करायचं. ते काम मुलीलाच करू द्या, जमेल तिला.

राहतो तो राहण्या-जेवणाचा खर्च, पुस्तकं, लॅपटॉप आणि माफीत न येणारी कॉलेजची इतर फी. पुणेच का, हे तुम्ही कुठेही लिहिलेलं नाही. नाशकात जुनी, चांगली इंजिनीअरिंग कॉलेजं आहेत. सिडकोतून सिटीलिंकच्या बसने रोज जाता येतं. घरी राहिली तर मेस आणि खोलीचे पैसे वाचतील. पुण्यालाच जाणं तिच्या मनात असेल तर जरूर पाठवा. पण तेव्हा कर्ज घ्या, जमीन विकू नका. बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्जात ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि स्वतःची रक्कमही घालावी लागत नाही. शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने हप्ते सुरू होतात. तुम्ही सहकर्जदार असालच. जमेल तेव्हा व्याज भरत राहा, म्हणजे मुद्दल फुगणार नाही.

स्थळांचं म्हणाल, तर शिकण्यासाठी घेतलेल्या कर्जामुळे नकार देणारं स्थळ गेलेलंच बरं. मुलगा असता तर त्याच्या नावावर कर्ज घेताना तुम्ही दोनदा विचार केला नसता.

पीएफला हात लावू नका. ५८ ला निवृत्त व्हाल, म्हणजे सहा वर्षं उरली. मुलीची नोकरी नुकतीच लागलेली असेल, मुलगा ऐन शिक्षणात असेल आणि तुमच्या गाठीला काही नसेल. तेव्हा दोघांच्याही पगाराकडे बघत बसण्यापेक्षा आज पीएफ तसाच ठेवणं, हीदेखील मुलांना केलेली आर्थिक मदतच आहे. आणि आज जमीन गेली, तर धाकट्याच्या वेळी काय काढणार?

एका रविवारी तिला आणि तिच्या आईला घेऊन बसा. पगार किती, घरखर्च किती, दर महिन्याला किती देता येतील, ते वहीत लिहा, मुलांसमोर. मग ती रक्कम ठरलेल्या तारखेला तिच्या खात्यात टाका आणि पै-पैचा हिशेब मागू नका. पहिले दोन-तीन महिने तिचं गणित चुकेल. चुकू द्या.

आणि तुमच्या पत्रात कॉम्प्युटर आलं आहे. तिला काय शिकायचंय, हे एकदाही नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या, तुम्ही न वाचता पाठवा.