99 वर्षांच्या भाडेपट्ट्यावरच्या (लीजवरच्या) फ्लॅटची मुदत एकट्याने वाढवता येते का?

तुमचा फ्लॅट जुळे सोलापुरात आहे आणि पट्ट्याची 21 वर्षं उरलीत, असं तुम्ही लिहिलंय. एकट्याने शक्यतो नाही. आपल्याकडे पट्टा बहुधा जमिनीचा असतो आणि तो सोसायटीच्या नावावर असतो, त्यामुळे अर्जही सोसायटीनेच करायचा.

आधी मूळ पट्टा काढा आणि नूतनीकरणाचं कलम नीट वाचा. 'त्याच अटींवर' आणि 'परस्पर संमतीने ठरेल त्या अटींवर' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्यात जमीनमालक म्हणेल ते भाडं. आमच्या सोसायटीचा पट्टा माजी सेक्रेटरींच्या कपाटात लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली सापडला, वाळवी लागलेला! तसं झालं तर दुय्यम निबंधकाकडून नक्कल काढा. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकाही (प्रॉपर्टी कार्ड) घ्या. पट्टा अजून बिल्डरच्याच नावावर निघाला, तर आधी जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरने करून न दिलेला हक्क सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा) अर्ज करावा लागेल.

वाढीव मुदतीचा दस्त मुद्रांक भरून नोंदवाच, नुसत्या पत्रावर विसंबू नका. आणि 21 वर्षं भरपूर वाटतात, पण फ्लॅट विकायला काढलात की घेणाऱ्याची बँक आधी उरलेली मुदतच मोजते.