पहिली मात्रा सोडून दे

प्रिय मित्रा,

तुमचे चारही ट्रॅक ऐकले. तिसरा तीनदा ऐकला. 'सर, रेगे आणि पंक एकत्र केलंय' असं तू लिहिलंस खरं, म्हणजे जमैकाचा सुटा ताल आणि रॉकमधला वेगवान दणका, पण गिटारवाला बिचारा मात्रांच्या मधे छान तुटक वाजवतोय आणि खाली तुमचा ड्रमर दर समेला किक, म्हणजे पायाचा मोठा ड्रम, हाणतोय. भांडण तिथेच आहे.

द पोलिस या तिघांच्या ब्रिटिश बँडचा पहिला अल्बम काढ, 'आउटलँडोस द आमूर', नोव्हेंबर 1978. त्यातलं 'सो लोनली' हेडफोन लावून ऐक. कडवी रेगेत, धृपद थेट पंकमध्ये. खिचडी केलेलीच नाही. कडव्यात बास गिटारला ऐसपैस जागा आहे. धृपद आलं की तिघं एकदम तुटून पडतात. आधी एवढं मोकळं सोडलं म्हणून ते इतकं अंगावर येतं. तुम्ही पहिल्या सेकंदापासूनच सगळे वाजवत सुटता, मग धृपदाला वाढायला उरतं काय?

जमैकन ड्रमर ज्याला 'वन ड्रॉप' म्हणतात, त्यात चार मात्रांतली पहिली रिकामी असते आणि जोर तिसरीवर पडतो. तबला ऐकत वाढलेल्याला हे फार जड जातं. सम म्हणजे आपली येऊन टेकायची जागा, आणि इथे तीच गायब! मला पाय आवरायला दोन महिने लागले. शेवटी बुटाची नाडी स्टुलाला बांधून सराव केला. हसू नकोस.

स्टुडिओच्या भाड्याचं विचारलंस. द पोलिसच्या तिघांनी त्यांच्या ड्रमरच्या थोरल्या भावाकडून दीड हजार पाउंड उसने घेतले आणि लेदरहेड गावातल्या एका डॉक्टरच्या छोट्या स्टुडिओत, जागा मोकळी असेल तेव्हा, कित्येक महिने तुकड्या-तुकड्यानं काम केलं. तुम्हीही सलग आठवडा बुक करू नका. मधल्या दिवसांत आपलंच गाणं थोडं नावडू दे. त्याच अल्बममधलं 'रॉक्सॅन' त्यांचा गायक स्टिंगनं बोसा नोव्हा या ब्राझिलियन ढंगात आणलं होतं, तालमीत त्याचं रूप पालटलं. त्याच्या सुरुवातीला पियानोचा एक वेडावाकडा आवाज आणि हसू ऐकू येतं, स्टिंग चुकून पियानोच्या पट्ट्यांवर बसला होता. त्यांनी ते तसंच ठेवलं. तुमच्या दुसऱ्या ट्रॅकच्या आधी कुणीतरी 'अरे थांब ना' म्हणतं, तेही कापू नका.

(हेच तिघं 1980 च्या मार्चमध्ये मुंबईत रंगभवनला वाजवून गेले. मी गेलो नव्हतो. गेलेले अजून ऐकवतात, आणि अजून जळतो.)

रविवारी संध्याकाळी ये, ड्रमरलाही घेऊन ये. काठ्या आणायला सांग. किकचं पेडल मात्र घरीच ठेवू दे.

तुझा,
सर